कोठडीतली अर्धी दाढी

आमच्या कारागिराने दोन्हीकडून पैसे खाल्ले, अशी कुजबुज होती. पोलिसांकडून घेतले ते आरोपीची दाढी करायचे, आरोपीच्या माणसांकडून घेतले ते दाढी न करायचे, आणि माणूस मुळात प्रामाणिक असल्यामुळे त्याने कुणालाच फसवलं नाही. उजवा गाल केला, डावा ठेवला. ही कुजबुज मी सकाळी इस्त्रीवाल्याकडे ऐकली. संध्याकाळी ती औषधांच्या दुकानात पोचली, तोवर तिला शेपूट फुटलं होतं. बहिणीच्या घरातल्या चोरीत म्हणे त्याचाच हात होता, आणि चोराला वाचवायचं म्हणून त्याने ही शक्कल लढवली.

मला असल्या गोष्टी ऐकायला आवडतात, हे मी लपवत नाही. निम्मे दात गेले, गोड बंद झालं, तेव्हा माणसाला चघळायला काहीतरी हवंच. पण ही गोष्ट चघळता चघळता दाताखाली खडा यावा तसं झालं, म्हणून नीट पहिल्यापासून सांगतो.

सलूनमध्ये केस कापणाऱ्याला कारागीर म्हणतात. इतर ठिकाणी दोन-तीन कारागीर असतात, त्यामुळे त्यांना नावं लागतात. आमच्या रस्त्यावर एकच सलून, त्यात एकच खुर्ची आणि एकच कारागीर. शाळेतल्या पोरांपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे त्याला कारागीरच म्हणतात. फक्त त्याची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांचीच ताई, त्याला छोट्या म्हणते. छोट्याच्या मिशा कधीच्याच पांढऱ्या झाल्या आहेत. डोक्यावरचे केस मात्र कायम कानावर आलेले, कारण ते कापायला त्याचा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. त्याचं लग्न झालं नाही. का झालं नाही याचीही एक गोष्ट आहे, पण ती डॉक्टरीणबाई हयात असेपर्यंत सांगण्यासारखी नाही.

बोलणं जेमतेम. हा त्याच्या धंद्यातला मोठाच दोष. सलूनमध्ये निम्मे लोक दाढीला येतात आणि निम्मे बातमीला, आणि याच्याकडून बातमी काढणं म्हणजे ओल्या साबणाची वडी मुठीत धरणं. म्हणून बातम्यांचं काम बाकावरची मंडळी सांभाळतात. म्हणजे मी, आणि समोरच्या पोलीस ठाण्यातला हवालदार. हवालदार ड्यूटी नसताना येतो आणि ड्यूटी असताना जास्त वेळ बसतो.

कारागिराची कामाची एक रीत आहे. तो प्रत्येक गोष्ट विचारून करतो. मानेभोवती कापड गुंडाळायच्या आधी विचारणार, "घेऊ?" फेस लावायच्या आधी, "लावू?" वस्तरा गालाला टेकवायच्या आधी पुन्हा एकदा, "घेऊ?" तुम्ही हं म्हटल्याशिवाय त्याचा हात पुढे येत नाही. आणि तुम्ही थांब म्हणालात की तो थांबतो. का, कशाला, एवढी कड घेऊन टाकतो, असलं काही नाही. वस्तरा तिथल्या तिथे वर. आमचे पोस्टमास्तर एकदा खुर्चीत बसलेले असताना त्यांना आरशात आपली बायको कुणा परक्याच्या स्कूटरवरून जाताना दिसली. "थांब," म्हणाले आणि गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर धावले. तो परका बायकोचा मामेभाऊ निघाला, पण हे कळेपर्यंत पोस्टमास्तर एका बाजूला केस आणि दुसऱ्या बाजूला नाहीत अशा अवस्थेत सगळी पेठ फिरून आले होते. संध्याकाळी घाम पुसत परत आले, तेव्हा कारागिराने खुर्ची झटकली आणि विचारलं, "घेऊ?"

ही रीत त्याच्या वडिलांची. ते पण कारागीर. पोराला शिकवताना म्हणायचे, "गळा त्याचा, वस्तरा तुझा. तो थांब म्हणाला आणि तू नाही थांबलास, तर मग तू कारागीर नाहीस. हातात वस्तरा असलेला माणूस आहेस." हे मला ताईने सांगितलं. कारागीर स्वतः असलं काही सांगायचा नाही.

समोरच्या ठाण्यातही एक रीत होती. कोठडीतल्या माणसाला कोर्टात उभं करायचं असेल, तर आधी त्याची दाढी करायची. कुणा जुन्या साहेबांनी ती पाडली होती. त्यांचं म्हणणं, दाढी वाढलेला माणूस न्यायाधीशांना एकतर गुन्हेगार वाटतो, नाहीतर मार खाल्लेला. पहिलं वाटलं तर बरंच, दुसरं वाटायला नको. ते साहेब गेले, रीत राहिली. हवालदार ठाण्याच्या दारात येऊन शिट्टी वाजवायचा आणि आमचा कारागीर हातातलं गिऱ्हाईक पुरं करून, पत्र्याची पेटी उचलून रस्ता ओलांडायचा.

आत त्याला काय काय दिसायचं ते त्याने कधी सांगितलं नाही. मी पुष्कळ खोदून पाहिलं. हवालदाराने मात्र एकदा हसत हसत सांगितलं, की हा माणूस कोठडीतसुद्धा "घेऊ?" विचारतो. एक खिसेकापू नको म्हणाला, तर हा पेटी बंद करून बाहेर आला. मग साहेबांना स्वतः आत जाऊन खिसेकापूची समजूत काढावी लागली. समजूत कशी काढली ते विचारू नका. पण नंतर खिसेकापू हो म्हणाला, आणि कारागिराने दाढी केली. त्या दिवशी तो सलूनमध्ये परत आला तेव्हा मी बाकावर होतो. त्याने हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले. मी विचारलं, काय झालं. म्हणाला, "हो म्हणाला तो."

आता ताईबद्दल. आई लवकर गेली, तेव्हा छोट्याला हिनेच वाढवलं. पुढे हिचं लग्न ठरलं तेव्हा हिने होणाऱ्या नवऱ्याला अट घातली, माझ्या भावाचा डबा आयुष्यभर माझ्या घरून जाईल. नवरा, म्हणजे आमचे दाजी, शाळेची बस चालवायचे. पोरांच्या आरडाओरड्यात आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे फार शांत. म्हणाले, डबाच ना, भाऊ तर नाही ना येणार. भाऊही यायचाच. ताई घरी पडदे आणि गणवेश शिवायची, आणि दुपारी बरोबर खुर्ची रिकामी व्हायच्या सुमारास स्वतः डबा घेऊन सलूनमध्ये यायची. तो जेवायचा, ती उभ्या उभ्या त्याला बोलणी बसवायची. बाकावर बसून ऐकण्यासारखा तो कार्यक्रम असायचा.

एका दुपारी ती मापं घ्यायला बाहेर गेली होती. दाजी बस लावून घरी निघाले होते. जिन्यावर असतानाच वरून एक माणूस धाडधाड उतरत आला. डोक्यावर पोतं, पोत्यात ताईचं शिलाई मशीन. दाजींनी दोन्ही हात पसरले आणि ओरडले, "थांब." तो थांबला नाही. दाजी जिन्यावरून खाली गेले. कमरेचं हाड मोडलं. आत सळई घातली, पण पायात पूर्वीचा जोर काही आला नाही. ब्रेक दाबता येत नाही अशा माणसाच्या हाती पोरांची बस कोण देणार? तेव्हापासून दाजी खिडकीत बसतात. सकाळी बस आली की उठून उभे राहायचा प्रयत्न करतात, मग बसतात.

पोलिसांनी मालधक्क्यावरचा एक हमाल पकडला. तो पोतं घेऊन जाताना दिसला होता म्हणे. मालधक्क्यावर पोत्याशिवाय कोण दिसतं, असं मी हवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, तुम्ही बाकावरचे बाकावरच राहा. मशीन भंगारवाल्याकडे सापडलं. ते कुणी आणून दिलं, हे भंगारवाल्याला आठवेना. आठवणं त्याच्या धंद्यात बसत नाही. दाजींनी चेहरा पाहिलाच नव्हता, पोतं पाहिलं होतं. हमाल आधी काही दिवस नाही नाही म्हणत होता. मग एके दिवशी हो म्हणाला. झालं, कबुली आली. सगळा खटला त्या कबुलीवर उभा राहिला, एका पायाच्या स्टुलासारखा.

त्याला कोर्टात न्यायचं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी ताई डबा घेऊन आली. त्या दिवशी तिने बोलणी बसवली नाहीत. भावाच्या खांद्यावरचे केस झटकत म्हणाली, "छोट्या, उद्या त्याची दाढी नीट कर हो. तोंड स्वच्छ दिसू दे त्याचं. दाजींनी नाही पाहिलं, पण बाकी सगळ्यांना दिसू दे."

कारागीर हं म्हणाला.

सकाळी शिट्टी वाजली. आत कोण आहे हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. कारागिराने पेटी उचलली तेव्हा बाकावरून कुणीतरी, म्हणजे मीच, म्हटलं की जपून, हात घसरायचा. तो हसला नाही. गेला, आणि नेहमीपेक्षा लवकर परत आला. पेटी ठेवली, हात धुतले, आणि गिऱ्हाईक नसताना वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासत बसला.

मी कोर्टात गेलो. निवृत्त माणसाला कोर्टासारखी जागा नाही. पंखा असतो, बाक असतो, आणि चाललेली भांडणं आपली नसतात. ताई पुढच्याच बाकावर होती, इस्त्रीचे कपडे घालून, मांडीवर पिशवी घट्ट धरून. हमालाला आत आणलं आणि माझ्या शेजारचा वकील खोकायला लागला. तो हसू दाबत होता. हमालाचा उजवा गाल तुळतुळीत आणि डाव्या गालावर दाट दाढी. मधोमध हनुवटीवर सरळ रेघ, आखल्यासारखी.

न्यायाधीश मॅडम नव्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्म्याचा दोष नव्हता.

"याची अर्धीच दाढी का आहे?"

ठाण्याचे साहेब म्हणाले, वेळ झाला होता मॅडम, गाडी निघायची होती.

"अर्धी करायला वेळ होता?"

"राहिलेल्या अर्धीला नव्हता."

सगळं कोर्ट हसलं. मॅडमही हसल्याच असत्या, पण त्या न्यायाधीश असल्यामुळे त्यांना खाली बघावं लागलं. आणि मग त्यांनी पुन्हा वर पाहिलं. गंमत बघा, एरवी त्या हमालाकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. माणूस आला, उभा राहिला, पुढची तारीख मिळाली, गेला, असं झालं असतं. आता मात्र सगळेच त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. आणि एक गाल मोकळा, एक झाकलेला असे शेजारी शेजारी दिसले की कळत होतं, झाकलेला गाल मोकळ्यापेक्षा मोठा आहे. मॅडमनी त्याला जवळ बोलावलं. काय झालं म्हणून विचारलं. तो म्हणाला, पडलो. हे एवढं म्हणताना त्याचं तोंड एकाच बाजूने उघडलं.

मॅडमनी त्याला डॉक्टरकडे पाठवलं. जबड्याचं हाड तडकलेलं निघालं. बरेच दिवस जुनं, म्हणजे तो नाहीवरून होवर आला त्या सुमाराचं. पुढे वकिलांची पुष्कळ बोलाचाली झाली, त्यातलं मला कळलं ते एवढंच, की मार देऊन काढलेली कबुली कोर्टात चालत नाही. स्टुलाचा तो एक पाय काढून घेतल्यावर उरलं काय? भंगारवाल्याची न आठवणारी आठवण. हमाल सुटला. साहेबांची बदली झाली. हवालदार सलूनमध्ये येऊन म्हणाला, "कारागीर, तुझ्या अर्ध्या दाढीने आमच्या साहेबांची पुरी हजामत केली." आणि स्वतःच एकटा हसला.

त्या पहिल्या दिवशी कोर्टातून बाहेर पडताना ताई माझ्या शेजारून गेली होती. थांबली आणि म्हणाली, "अर्धी कुणी ठेवली?" मी काही बोललो नाही. मी बोलत नाही म्हणजे काय, हे तिला कळतं.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती भांडायला आली असती तर कारागिराला बरं वाटलं असतं, मलाही. पण ती आलीच नाही. तिने विचारलंसुद्धा नाही. ताई ज्या माणसाला बोलणी बसवत नाही, तो माणूस तिच्या हिशेबी संपला, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि छोट्याला सगळ्यांत जास्त. दुपारी खुर्ची रिकामी झाली की तो दाराकडे बघायचा, मग घड्याळाकडे, मग कोपऱ्यावरच्या खाणावळीत जाऊन काहीतरी गिळून यायचा.

बाकी जग मात्र विचारत होतं. कुजबुजीचं मी सांगितलंच. चौकशी करायला वरून एक अधिकारी आले. त्यांना वाटत होतं, ठाण्यातल्याच कुणीतरी साहेबांवर डाव धरून ही अर्धी दाढी ठेवायला लावली. तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी फिरवून फिरवून विचारलं. कारागीर म्हणाला, एवढीच झाली. का एवढीच झाली? तर म्हणे, पुढची नाही झाली. अधिकाऱ्यांनी शेवटी केस कापून घेतले आणि गेले. मग मानवी हक्कांचं काम करणाऱ्या एक बाई आल्या. फार चांगल्या बाई, उन्हातून चालत आलेल्या. त्यांनी कारागिराचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, तुम्ही मोठं धैर्य दाखवलंत, जखम लपवायची नाही म्हणून तुम्ही ती सगळ्यांना दाखवलीत. कारागीर गोंधळला. म्हणाला, "बाई, जखम दाखवायची असती तर मी तो गाल केला नसता का? मी तर तोच ठेवला. झाकलेला." बाईही गोंधळल्या. खरंच की. दाढीने तर जखम झाकलेलीच राहिली होती. मग ती दिसली कशी? बाईंनी सत्काराचं विचारलं, तर तो नको म्हणाला. त्या थांबल्या. नको म्हटल्यावर थांबणारी माणसं त्याला आवडतात, त्यामुळे त्यांना त्याने पाणी दिलं.

पण त्याचं काहीतरी बिघडलं होतं. गिऱ्हाइकाला "घेऊ?" विचारून तो वस्तरा उचलायचा, आणि मग पुन्हा विचारायचा, "नक्की?" पोस्टमास्तर वैतागले. दाढी करायला आलोय की लग्न करायला, म्हणाले.

आणि मग एके दुपारी तो हमाल स्वतः सलूनमध्ये आला.

आता पूर्ण दाढी वाढली होती, दोन्ही बाजूंना सारखी. मी पेपर तोंडासमोर धरला आणि कान बाहेर ठेवले. हमाल दारात घुटमळला, मग खुर्चीत बसला. कारागीर त्याच्यामागे उभा. आरशात दोघं एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, आता हा त्याला हाकलणार. मग वाटलं, नाही, आता हा त्याचा गळाच कापणार. कारागिराने कापड झटकलं.

"घेऊ?"

"हं."

दाढी अर्धी झाल्यावर कारागिराने वस्तरा पुसला आणि विचारलं. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, त्याने गिऱ्हाइकाला वेगळा प्रश्न विचारलेला तो पहिलाच.

"तू केलंस का ते?"

हमाल आरशात बघत राहिला. म्हणाला, "आधी नाही म्हणालो, तेव्हा कुणी ऐकलं नाही. मग हो म्हणालो, ते सगळ्यांनी ऐकलं. आता मी काय म्हणू, दादा? मी काहीही म्हटलं तरी तुम्हाला ते खरं वाटेल का?"

कारागिराने विचार केला. प्रामाणिकपणे केला, मला दिसत होतं. मग म्हणाला, "नाही."

"मग करा," हमाल म्हणाला आणि गाल पुढे केला.

मी शपथेवर सांगतो, त्या माणसाच्या तोंडाकडे मी अगदी जवळून पाहिलं, आणि तो चोर आहे की नाही हे मला सांगता येणार नाही. एका बाजूने वाटत होतं आहे. दुसऱ्या बाजूने वाटत होतं नाही. साहेबांनी त्याला नुसते प्रश्न विचारले असते, मालधक्क्यावर चार जणांकडे चौकशी केली असती, तर कदाचित आज दाजींना कळलं असतं की आपल्याला कुणी ढकललं. आता कधीच कळणार नाही. हे मी हवालदाराला म्हटलं, तर तो म्हणाला, तुम्हाला काय जातंय बोलायला. मला खरंच काही जात नाही. पण दाजी खिडकीत बसलेत.

चोराने तिच्या भावाच्या खुर्चीत बसून दाढी करून घेतली, ही बातमी ताईकडे पोचायला संध्याकाळ पुरली. कुणी पोचवली, माझ्याकडे बघू नका, रस्ताभर तोंडं आहेत.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत होतो. तोंडभर फेस, डोकं मागे, वस्तरा गळ्यावर. अशा वेळी ताई आत आली. बोलण्यासारखं पुष्कळ असताना बोलता येऊ नये, असा प्रसंग माझ्यावर दुसऱ्यांदा आलेला नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी म्हणजे फेसाचा एक ढीग.

"का ठेवलीस अर्धी?" तिने विचारलं.

कारागिराचा वस्तरा वर उचलला गेला. इतक्या दिवसांनी तिने विचारलं होतं. मला वाटतं, तो त्याचीच वाट बघत होता. बाकीच्यांना त्याने जे दिलं नाही, ते तिच्यासाठी राखून ठेवलं होतं.

"तो थांब म्हणाला," कारागीर म्हणाला. "डाव्या गालाला वस्तरा लागला आणि तो थांब म्हणाला. दुखत होतं त्याला."

"आणि तू थांबलास."

"हो."

"चोरासाठी."

"खुर्चीत होता तो, ताई." मग स्वतःच चूक सुधारत म्हणाला, "तिथे खुर्ची नाही. फरशीवर बसवतात. पण वस्तरा माझ्या हातात होता."

आरशात मला तिचं तोंड दिसत होतं. ते रागाचंही नव्हतं आणि रडण्याचंही नव्हतं. दुकानात एक वस्तू मागावी आणि हातात दुसरीच यावी, तसं काहीतरी.

"दाजी पण थांब म्हणाले होते," ती म्हणाली. "जिन्यात. मोठ्याने म्हणाले होते. तो थांबला का?"

"नाही."

"मग?"

कारागिराने वस्तऱ्याकडे पाहिलं. माझ्या गालावरचा फेस सुकत चालला होता आणि खाज सुटली होती, पण मी हललो नाही.

"मला नाही कळत," तो म्हणाला. "तो थांबला नाही हे वाईट झालं. ते मला कळतं. म्हणून मी पण थांबायला नको होतं का, हे कळत नाही. रोज विचार करतो. कधी वाटतं थांबायला नको होतं. पण तेव्हा हात पुढे गेलाच नाही, ताई. मी काय करू?"

"अण्णांनी शिकवून ठेवलंय ना," ती म्हणाली. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. आवाजात शिवी होती, की आणखी काही, हे मला आजही ठरवता येत नाही. मग म्हणाली, "तुझे केस बघ. भूत दिसतोस." आणि निघून गेली.

कारागीर दाराकडे बघत उभा राहिला. मग माझ्याकडे वळला.

"घेऊ?"

मी हं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला. ताई स्वतः आली नाही, कुणाच्या तरी हाती पाठवला. हवालदार म्हणतो, त्याने झाकण उघडून पाहिलं, डबा अर्धाच भरलेला होता. हवालदाराचं काही धरू नका. ताई अजून सलूनमध्ये आलेली नाही. दाजी खिडकीत असतात. हमाल मालधक्क्यावर पोती उचलतो, आणि तो समोरून आला की ताई रस्ता बदलते, मग अर्ध्यातून परत फिरते आणि त्याच्या समोरूनच जाते. ठाण्यातली दाढीची रीत नव्या साहेबांनी बंद केली. आता माणसं जशी आहेत तशी कोर्टात जातात.

त्या दाढीचे पैसे कारागिराला कुणीच दिले नाहीत. पोलिसांनी नाहीत आणि हमालाच्या माणसांनीही नाहीत. हमालाला माणसंच नव्हती. उजवा गाल झाला, डाव्या गालाला वस्तरा टेकला, तो माणूस थांब म्हणाला, आणि कारागीर थांबला.